साहेबांच्या नावाचा रोग

४ तारीख, सोमवार

आज घरात आलेले जिन्नस: तंबाखूची रोपं, कुंड्यांसकट चोवीस (सरकारी). किडे आत येऊ नयेत म्हणून बारीक जाळी, मागच्या गॅलरीला तिन्ही बाजूंनी पुरेल एवढी (सरकारी). पानं खरवडायला दगडाची पिठासारखी पूड, एक डबी (सरकारी). हात असलेली लाकडी खुर्ची एक, साहेबांनी बसून पाहणी करावी म्हणून (सरकारी, एक पाय डुगडुगतो). हमालाची मजुरी सहा रुपये, आमच्या खिशातून. उद्यापासून अर्धा लिटर दूध जास्तीचं, तेही आमच्याच खिशातून. म्हणजे सरकारचं तेवढं आलं आणि आमचं तेवढं गेलं.

बटाटा बियाणे तपासणी केंद्राच्या काचघराचं छप्पर गेल्या महिन्यात खाली आलं. दुरुस्तीचा कागद वर गेला आहे. तो छपराइतक्या लवकर खाली येणार नाही. तेव्हा साहेब ह्यांना म्हणाले, "तुमच्या क्वार्टरची गॅलरी उजेडाची आहे, आणि वहिनींना झाडांची आवड आहेच." मला आवड आहे हे मला साहेबांकडून कळलं.

गॅलरी देवघराला लागून. मामंजींनी जन्मात विडीला हात लावला नाही. आता त्यांच्या तसबिरीसमोर चोवीस तंबाखूची झाडं उभी आहेत. मी तसबिरीचं तोंड थोडं खिडकीकडे वळवलं.

मी विचारलं, "अहो, रोग बटाट्याला, मग तंबाखू कशाला?"

"बटाट्याचं पान रोगी दिसतं, पण रोग कुठला ते सांगत नाही. त्याचा रस तंबाखूच्या पानावर चोळला की तंबाखू सांगतो. शिरा फिकट पडल्या तर साधा. शिरा जळून काळ्या झाल्या तर वाईट."

ह्या विषाणूला नुसतं 'वाय' म्हणतात, पण त्याच्यातही पोटजाती आहेत म्हणे. माणसांनी सोडल्या नाहीत, त्यांनी तरी का सोडाव्यात! साधी पोटजात निघाली तर बटाटे बियाणं म्हणून विकता येत नाहीत, खायला विकता येतात. वाईट किंवा अनोळखी निघाली तर सगळं शेत खणून चुन्यासकट खड्ड्यात.

अकरा शेतांची पानं आली आहेत. त्यांत ताईचं शेत आहे, हे मला ताईच्याच पत्रावरून माहीत. पण पाकिटांवर नुसते नंबर, नावं मुख्य कचेरीत बंद. कुठला नंबर ताईचा ते ह्यांनाही ठाऊक नाही. ताई आणि भावोजींनी अख्खं वर्ष त्या एका पिकावर घातलं आहे. मी आजपासून अकराही शेतांसाठी जप धरला. एकाच शेतासाठी करायचा तर नंबर माहीत हवा ना.

५ तारीख, मंगळवार

एका शेताची दोन रोपं, अशी बावीस झाली. उरलेल्या दोघांना काहीच चोळलं नाही. ते साक्षीदार. बाकीच्यांना काही झालं आणि त्या दोघांना झालं नाही, म्हणजे ते रसानेच झालं, असा पुरावा.

चोळण्याआधी ह्यांनी, बोटांवरचा रोग जावा म्हणून, दुधाने हात धुतले. मी पाहत राहिले. दुधात हात! आमच्याकडे दूध देवाला दाखवतात आणि मग पितात.

"साय काढलेलं चालेल का?" मी विचारलं.

"उलट तेच जास्त चांगलं."

तेव्हा जीव भांड्यात पडला. साय आमची, हात सरकारचे.

ह्यांनी गॅलरीच्या दारावर पाटी लावली: तंबाखू, विडी, सिगारेट ओढणाऱ्यांनी आत येऊ नये, रोपांना हात लावू नये. तंबाखूच्या पुडीतसुद्धा तंबाखूचा एक रोग जिवंत असतो आणि तो बोटांवरून थेट पानात जातो, असं ह्यांचं म्हणणं. आमचा शिपाई विडी ओढतो. त्याने पाटी वाचली आणि कुंड्या दारातच ठेवल्या. म्हणाला, "वहिनी, बरं झालं. उचलण्याचा त्रास वाचला. उद्या कचेरीच्या दारावरही लावा म्हणावं."

९ तारीख, शनिवार

साहेब पाहणीला आले. भारदस्त माणूस. आधी धान्याच्या गोदामांवर होते, तिथून बढती मिळून विषाणूंवर आले. खुर्चीत बसले, चांदीची डबी उघडली, चिमूटभर तपकीर एका नाकपुडीत, चिमूटभर दुसऱ्या. शिंक आली तेव्हा जाळी हलली. मग त्याच बोटांनी जवळच्या रोपाची पानं गोंजारली. "काय, बरं आहे ना सगळं?"

हे पुढे झाले. "साहेब, जरा हात..."

साहेबांनी हात पुढे केला. ह्यांनी हातात हात दिला. साहेबांनी तो दोनदा हलवला आणि म्हणाले, "छान चाललंय."

दुधाचं भांडं तसंच राहिलं. नंतर मी म्हटलं, "तुमची पाटी साहेबांना दिसली नाही वाटतं."

"पाटी हाताखालच्यांसाठी असते," हे म्हणाले.

तेही खरंच. तपकीर ओढणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली, एकूण एक वजनदार. ती तंबाखूचीच करतात हे माहीत आहे, पण तिला तंबाखू म्हणायला जीभ धजत नाही.

१२ तारीख, मंगळवार

साहेब पुन्हा. आता दर दोन दिवसांनी येणार म्हणे. त्यांची नजर मला बरी वाटत नाही. पाहतात ते रोखून पाहतात, आणि सारखं "वा, वा." अशाने चांगल्या झाडाला दृष्ट लागते. म्हणून मी आज युक्ती केली. नऊ नंबरची दोन रोपं सगळ्यांत किडकिडीत आहेत, ती खुर्चीच्या हाताशी आणून ठेवली. नजर पडायचीच तर त्यांच्यावर पडो. ताईचं रोप इतकं मरतुकडं असणार नाही, एवढी मला खात्री आहे.

१५ तारीख, शुक्रवार

जवळजवळ सगळ्या रोपांच्या शिरा फिकट पडल्या. मला वाटलं, संपलं. पण हे चक्क हसले. फिकट म्हणजे साधी पोटजात. जळलेली शीर एकही नाही. बटाटे खड्ड्यात जाणार नाहीत.

देवापुढे साखर ठेवली. दूध ठेवणार होते, पण ह्यांचे हात धुवायचे होते.

२० तारीख, बुधवार

नऊ नंबरच्या दोन्ही रोपांवर हिरवे फोड आले. पान मधेच गडद, मधेच फिकट, कडा वाकड्या. शिरा फिकट आहेतच, वर हे. ह्यांनी पुस्तक काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं. मग खुर्चीकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"काय आहे हो?"

"काही नाही. दोन रोग एका पानावर आलेत."

"दुसरा कुठून आला?"

"भाजीत मीठ घातलंस का आज?" हे म्हणाले. आम्ही जेवायला बसलोही नव्हतो.

२१ तारीख, गुरुवार

साहेबांनी फोड पाहिले आणि उठून उभे राहिले. पहिल्यांदाच त्या खुर्चीने सुटकेचा आवाज केला.

"हे पुस्तकात आहे का?"

"दोन विषाणू एकत्र आले तर असं दिसू शकतं, साहेब. बाहेरून एखादा..."

"मी विचारलं, पुस्तकात आहे का?"

"असंच्या असं नाही."

"म्हणजे नवीन!"

संध्याकाळपर्यंत ठरलं. जगात कुठे नसलेली पोटजात आपल्या केंद्रात सापडली, आणि तिला साहेबांचं आडनाव लावायचं. साहेबांना मूलबाळ नाही, तेव्हा आनंद समजण्यासारखा आहे. शिपाई तिला साहेबीण म्हणतो. "वहिनी, साहेबीण बरी आहे ना? पाणी घातलं का साहेबिणीला?"

ह्यांची नोकरी सात वर्षं हंगामी आहे. साहेब जाताना म्हणाले, "कायम करण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे बरं का." हे "हो साहेब" म्हणाले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला लिहू. नऊ नंबरवाल्याचं वाईट वाटलं, पण तो कोण ते माहीत नसल्यामुळे फार वाटलं नाही.

२५ तारीख, सोमवार

उद्या मुख्य कचेरीतून पाहुणे साहेबीण पाहायला येणार. गॅलरी झाडली, जाळी झटकली. खुर्चीच्या हातांवर तपकिरीचे थर होते. ओलं फडकं करून घासून पुसली, मला चार शिंका आल्या. पानांवर धूळ होती, तीही त्याच फडक्याने हलक्या हाताने पुसून काढली. चोवीसच्या चोवीस कुंड्या, एक पान सोडलं नाही. अगदी तुळतुळीत दिसतात आता. पाण्याची एक बादली फक्त लागली.

२६ तारीख, मंगळवार

पाहुणे आले. तीन होते, त्यांतल्या एकालाच बटाट्यातलं कळत असावं, कारण तो काही बोलला नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. फोटोत साहेब, साहेबीण आणि माझी कपड्यांची दोरी आली आहे. ह्यांचा अर्धा कान आला.

२८ तारीख, गुरुवार

ताईचं पत्र. तिच्या बारशापासून मी तिचं अक्षर ओळखते म्हणावं, तर ती मोठी आहे. पण आज दोनदा वाचावं लागलं. नोटीस आली आहे. "तुमच्या शेतात अमुक नावाची नवीन पोटजात आढळल्याने पीक नष्ट करण्यात येईल, तारीख मागाहून कळवू." अमुक म्हणजे साहेबांचं आडनाव.

नऊ नंबर ताईचा.

ताई लिहिते: "अगं, आमच्या शेताला ज्याचं नाव दिलं तो माणूस कोण? आम्ही त्याचं काय वाकडं केलं? ह्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. पीक तर तरारून उभं आहे."

पत्र ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी वाचलं, घडी घातली, घडीवर घडी घातली, इतकी की शेवटी ते पेपरमिंटएवढं झालं.

"आता?" मी म्हटलं.

"बघू."

"काय बघू? बघायला खड्डा खणणारे येतील. हे फोड खुर्चीपाशीच कसे आले? मी सांगते, तुमच्या साहेबांची दृष्ट आहे."

ह्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "दृष्टच म्हण. पण डोळ्यांची नव्हे."

असं अर्धवट बोलायची सवय ह्यांना अलीकडे लागली आहे. त्या किडकिडीत कुंड्या खुर्चीजवळ मी ठेवल्या होत्या. देवापुढे बसले, पण जपात मन लागेना.

६ तारीख, शनिवार

सगळ्या रोपांवर फोड. एक ते अकरा, सगळ्या. आणि त्या दोन साक्षीदारांवरही, ज्यांना कोणी काही चोळलंच नव्हतं. त्यांच्या शिरा फिकट नाहीत, नुसते फोड आहेत.

हे खाली जमिनीवर बसले आणि साक्षीदाराची कुंडी मांडीवर घेतली. किती दिवसांनी ह्यांचा चेहरा मोकळा दिसला. "सुटलो," म्हणाले. "हा पुरावा आहे. फोड बटाट्यातून आलेच नाहीत. ह्याला बटाट्याचा रस लागलाच नाही ना! आता साहेबांना मानावंच लागेल."

८ तारीख, सोमवार

साहेबांनी मानलं नाही. उलट टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे ती हवेतून उडते! रस लागायचीसुद्धा गरज नाही! किती भयंकर!" आणि फोन उचलला. अकराही शेतं खड्ड्यात घालायची शिफारस जाणार. पोटजातीच्या नावापुढे 'उडती' असं जोडायचं की नाही, यावर चर्चा चालू आहे.

हे घरी येऊन तोंड धुतच राहिले.

९ तारीख, मंगळवार

मी सहज म्हटलं, "उडते कशी? जाळी तर मी स्वतः झटकली, कुठे भोक नाही. पानंसुद्धा पुसली होती पाहुणे यायच्या आधी."

"पुसलीस? कशाने?"

"फडक्याने."

"कुठल्या?"

"खुर्ची पुसली त्याच. दुसरं कशाला ओलं करू?"

हे हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं वाटेना. "अगं, चोवीस कुंड्या! एकही सोडली नाहीस?"

"अर्धवट काम मला जमत नाही," मी म्हटलं. मला राग आला होता.

मग शांत झाले आणि म्हणाले, "हे तू लिहून देशील? सही करून?"

"काय लिहून?"

"की तुझ्या फडक्यामुळे रोपं खराब झाली. तपासणी बाद."

बाईमाणसाचं नाव सरकारी कागदात, तेही घाण केली म्हणून! माहेरी-सासरी कोणी असं ऐकलं नसेल. पण ताईचं शेत वाचतंय. मी म्हटलं, "शाई आणा."

११ तारीख, गुरुवार

उडत्या पोटजातीचा जाब देण्यापेक्षा माझं फडकं साहेबांना सोयीचं वाटलं. मजकूर त्यांनी आमच्या गॅलरीतल्या खुर्चीत बसून स्वतः सांगितला, ह्यांनी लिहिला, मी सही केली. "घरगुती निष्काळजीपणा" हा शब्द साहेबांना फार आवडला, तो तीनदा आला आहे. माझ्या स्वैपाकघरात येऊन कोणीही ताट पालथं घालून बघावं, मग निष्काळजीपणा म्हणावं. साहेब म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. शास्त्रात अशा आहुत्या द्याव्या लागतात." आणि चिमूट नाकात. मी पटकन कुंडी मागे ओढली. का ओढली, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

शिपाई जिन्यात भेटला. "वहिनी, ऐकलं. माझ्या विडीला हाकललंत ना? आता तुमचं फडकंही पाटीवर लिहा."

"लिहीन," मी म्हटलं. "पण पाटी हाताखालच्यांसाठी असते."

तो हसता हसता थांबला.

१६ तारीख, मंगळवार

हुकूम आला. दहा शेतं सुटली. फडक्यामुळे ती तपासणी रद्द, जुनी फिकट शिरांची नोंद खरी, बटाटे खायला विकावेत. नऊ नंबर मात्र कायम. नऊ नंबरवर फोड आधीचे आहेत, फडक्याच्या आधीचे. तेव्हा तिथे नवीन पोटजात आहे, साहेबांचं आडनाव आहे, आणि महिन्याच्या अखेरीस खड्डा आहे.

म्हणजे ताईला वाचवायला सही केली आणि ताई सोडून सगळे वाचले.

त्याच टपालात दुसरं पाकीट होतं. हे कायम झाले.

मी पाकीट देवापुढे ठेवलं नाही. डब्यांच्या फळीवर ठेवलं. जेवताना विचारलं, "नऊ नंबरवर फोड आले तेव्हा माझं फडकं फिरलंच नव्हतं. मग ते कसे आले?"

हे भाकरी मोडत राहिले. "तुला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग? तुम्ही लिहा ना."

"काय लिहू? साहेबांची बोटं?" मग हळूच म्हणाले, "मला विचारू नकोस. कायम झालोय मी."

सात वर्षं हंगामी होते तेव्हा ह्या माणसाने दारावर पाटी लावली होती. कायम झाल्यावर तोंडाला लावली. असं लिहू नये, पण हिशेब लिहायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

१७ तारीख, बुधवार

सकाळी टेबलावर एक रिकामं पाकीट होतं. तंबाखूचं बी ज्यातून आलं होतं ते, दुसऱ्या तपासणी केंद्राचं, वर त्यांचा छापील पत्ता. मी मागितलं नव्हतं. ते तिथे ठेवून हे अंघोळीला गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी ओतत राहिले. एवढंच ह्यांच्याने झालं. नाही म्हणायला झालं.

देवाची क्षमा मागितली आणि बसले. ताईला लिहिलं त्याची नक्कल इथे ठेवते.

"ती. ताईस सा. न.

शेताला हात लावू देऊ नकोस. तुझ्या पिकाला साधा रोग आहे, बटाटे बियाण्याला चालणार नाहीत, पण खायला विकता येतील. ज्या नव्या रोगाचं नाव नोटिशीत आहे तो तुझ्या शेतातून आलेला नाही, आमच्या गॅलरीत लागला. कसा ते पत्रात लिहीत नाही, भेटीत सांगेन. ह्या गोष्टीवर माझी सही नाही, पण तू मागितलीस तर मी देईन. एक दिलीच आहे.

सोबत दुसऱ्या केंद्राचा पत्ता आहे. पाच-सहा झाडांची ताजी पानं ओल्या कागदात गुंडाळून आजच्या आज त्यांना पाठव, आणि फेरतपासणी मागितल्याचा अर्ज खड्डा खणणाऱ्यांना दाखव. पानं तू तोड. भावोजींना तोडू देऊ नकोस, ते कामाच्या नादात तंबाखू मळतात. आधी हात दुधाने धू. साय काढलेलं चालतं.

माणसं आलीच तर भांडू नका. बांधावर बसवा, चहा द्या आणि अर्जाची पोच मागा. पोच दिल्याशिवाय कुदळ पडता कामा नये. पाहणीला कोणी मोठा साहेब आला तर आधी त्याची बोटं बघ, मग नमस्कार कर.

ह्यांची नोकरी कायम झाली. तुझ्याकडून अभिनंदनाची अपेक्षा नाही.

उत्तरासाठी जोडकार्ड पाठवत आहे, पैसे भरलेलं आहे, वाया घालवू नकोस. उत्तराच्या बाजूला पत्ता मी माझ्या नावाने घातला आहे, ह्यांच्या नाही. फार लिहायला नको. शेत उभं आहे की नाही, एवढं उलट टपाली कळव."